स्वयंगोलाचा हक्क

मोठ्या सामन्याच्या दिवशी कुठल्याही स्टेडियमच्या फाटकावर थोडा वेळ उभं राहून पाहावं. लोकांच्या पिशव्यांमधून काढून घेतलेल्या वस्तूंचा ढीग एका कोपऱ्यात वाढत असतो. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, घरून आणलेले डबे, छत्र्या, एखाद्या शाळकरी पोराच्या दप्तरातलं कर्कटकसुद्धा. बंदोबस्ताच्या माणसांना दोष देता येत नाही. बाटली भिरकावणारा हजारात एक असला तरी नियम हजारांना लागतो. पण टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाची पिशवी त्या टेबलावर उघडली की पंचाईत होते. इन्सुलिनचं पेन, त्याच्या सुया, बोट टोचायचं यंत्र, पट्ट्यांची डबी, रसाचं छोटं खोकं, ग्लुकोजची पुडी, बिस्किटं, पाणी. आत न्यायला ज्याची ज्याची मनाई, त्या प्रत्येक गोष्टीवाचून या मुलाचं अडतं.

जगभरचे फुटबॉल क्लब आजारी मुलांना सामन्याच्या दिवशी पाहुणे म्हणून बोलावतात, त्यात मधुमेही मुलंही असतात. खेळाडूचा हात धरून मैदानात चालत जायचं, सराव जवळून पाहायचा, सही केलेला शर्ट घरी न्यायचा. २००२ च्या विश्वचषकात युनिसेफच्या मोहिमेच्या निमित्तानं खेळाडूंबरोबर चालणारी मुलं टीव्हीवर घरोघर दिसली, आणि आता त्यांच्याशिवाय मोठा सामना सुरू झाल्यासारखा वाटत नाही. बेंगळुरूसारख्या शहरात असा दिवस शोभून दिसेल. बेंगळुरू एफसी २०१३ साली सुरू झाला आणि पहिल्याच मोसमात आय-लीग जिंकून मोकळा झाला. कब्बन पार्कजवळचं श्री कांतीरवा स्टेडियम, निळे शर्ट, 'वेस्ट ब्लॉक ब्लूज' या पाठीराख्यांचा न थांबणारा गजर, आणि सुनील छेत्री. मधुमेहाचं जागतिक चिन्ह निळं वर्तुळ आहे, म्हणजे रंगाचाही प्रश्न मिटला. (कोल्हापूरकर यावर नाक मुरडतील. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तिथले संघ समोरासमोर आले की जो आवाज होतो तो त्यांना पुरेसा असतो, आणि तेही खरंच आहे.)

कल्पना मला आवडते. शर्टाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझं लक्ष घुटमळतं ते त्या पिशवीपाशी.

टाइप-१ म्हणजे आजोबांना असते ती 'शुगर' नव्हे. इथं शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. मूल किती गोड खात होतं, आईनं डब्यात काय दिलं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि हे शेजारपाजारी पटवता पटवता आया थकून जातात. पुढं आयुष्यभर बाहेरून इन्सुलिन, दिवसातून चार-पाच वेळा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालचे असे रुग्ण जगात सर्वांत जास्त भारतात आहेत, सव्वादोन लाखांच्या वर. एवढी मुलं आपल्याला दिसत का नाहीत? बरीचशी दिसू दिली जात नाहीत म्हणून. मुलगी असेल तर लग्नाच्या धास्तीनं घरातले मामा-मावशीलाही कळू देत नाहीत.

सामना पाहायचा म्हणजे नुसतं बसून राहायचं, असं आपल्याला वाटतं. शरीराला तसं वाटत नाही. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळतो तेव्हा अंगात जे अॅड्रेनलिन उसळतं ते साखर वर ढकलतं. दुपारी शाळेत केलेली धावपळ, मेट्रोतून उतरून चाललेलं अंतर, चढलेले जिने हे सगळं तिला खाली ओढत असतं, आणि ही ओढ रात्री झोपेतही सुटत नाही. त्यात जेवणाची वेळ टळलेली. साखर सत्तरच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं, माणूस उगाच चिडतो. आता फुटबॉलच्या प्रेक्षकात ही लक्षणं ओळखायची कशी? हरणाऱ्या संघाच्या पाठीराख्याला हेच सगळं होत असतं.

आमच्या नात्यातलं एक कुटुंब नोकरीपायी पुण्याहून बेंगळुरूला गेलं. त्यांच्या मुलाला सातव्या वर्षापासून टाइप-१ आहे, आता तो सातवीत आहे आणि फुटबॉलवेडा आहे. त्याच्या दंडावर मोठ्या नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. आईच्या फोनवर आकडा येतो आणि शेजारी एक बाण, वर जाणारा, आडवा किंवा खाली जाणारा. असा सेन्सर दोन आठवडे चालतो आणि त्याला काही हजार रुपये पडतात, म्हणून परीक्षा, सहल आणि सामने असे आठवडे पाहूनच तो लावतात. एरवी बोट टोचायचं. तर हे मायलेक सामन्याला गेले होते. मुलगा चेंडू पाहत होता, आई बाण. दुसऱ्या सत्रात बाण खाली वळला, आणि त्याच क्षणी पंचानं पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात केला. आईनं रसाच्या खोक्याला नळी टोचून पुढं केली.

"आई, आत्ता नको ना, पेनल्टी आहे!"

"अरे, तोंडानं पी आणि डोळ्यांनी बघ. दोन्हींचा काही संबंध आहे का?"

पेनल्टीवर गोल झाला. निम्मा रस पुढच्या बाकावरच्या गृहस्थांच्या शर्टावर गेला. त्यांनी मागं वळून पाहिलं, आणि गोल आपल्याच संघाचा होता म्हणून पोराला मिठी मारली.

साखर अशी खाली गेल्यावर, म्हणजे 'लो' झाल्यावर, काय करायचं याचा डॉक्टरांनी शिकवलेला नियम साधा आहे. पंधरा ग्रॅम साखर घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. फुटबॉलचं मध्यंतरही पंधरा मिनिटांचंच असतं. योगायोग आहे, पण या घरातल्या माणसांनी त्याचा धडा करून टाकला आहे. शिट्टी वाजली की शुगर पाहायची, मग बाकीच्यांनी चहा घ्यायचा.

त्या दिवशी त्यांची पिशवी आत कशी गेली, हेही सांगण्यासारखं आहे. आईकडे डॉक्टरांची चिठ्ठी होती. फाटकावरच्या माणसानं ती उलटसुलट करून पाहिली, पेन हातात घेतलं आणि म्हणाला, हे तर माझी आई घेते. झालं, गेली पिशवी आत. कुणाची ना कुणाची आई इन्सुलिन घेत असते, त्यामुळे आपल्या देशात असा माणूस भेटणं अवघड नाही. पण दुसऱ्या रांगेत दुसरा माणूस असता तर तीच चिठ्ठी आणि तीच विनवणी कितपत चालली असती, सांगता येत नाही. आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मित्रांच्या देखत आपल्या आईनं कुणाची विनवणी केलेली चालत नाही, हे ज्यांनी त्या वयाचं मूल वाढवलं आहे त्यांना सांगायला नको.

सीबीएसईनं २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी जवळ ठेवायची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं २०२३ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं, की शाळेतही या मुलांना शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, वेळेला खाऊ द्या. जिथं चिटोरंही आत जात नाही त्या परीक्षेच्या खोलीत जर बिस्किट जाऊ शकतं, तर ते मैदानात न्यायला फाटकावरच्या माणसाची आई आजारी असावी लागू नये. तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात दहा अटी छापतात, त्यात ही अकरावी घालायला फार शाई लागणार नाही.

मधुमेह दिन १४ नोव्हेंबरला असतो. आपल्याकडे तो बालदिन. पंडित नेहरूंच्या आणि इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मतारखा एकच निघाल्या, एवढंच त्यामागचं कारण. पण या एका आजारापुरती ही जुळणी फारच चपखल बसली आहे, कारण इन्सुलिन आधी लागू पडलं ते एका मुलालाच. लिओनार्ड थॉम्पसन, वय चौदा, टोरांटोच्या रुग्णालयात, जानेवारी १९२२. तोवर अशा मुलांवरचा उपाय म्हणजे त्यांना जवळजवळ उपाशी ठेवणं. त्यानं मरण काही महिने लांबायचं, आणि मूल हाडांचा सापळा होऊन जायचं. बँटिंग यांच्या सहकाऱ्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं, आणि औषध सर्वांना मिळावं ही त्यामागची इच्छा होती. शंभर वर्षं उलटली तरी ती इच्छा सगळीकडे पोचलेली नाही.

आपल्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट सुरू केला तो यासाठीच, गरीब घरांतल्या टाइप-१ मुलांना इन्सुलिन आणि पट्ट्या मिळाव्यात म्हणून. इन्सुलिन थंड ठेवावं लागतं. विदर्भातला मे महिना आणि घरात फ्रीज नाही, म्हणजे मातीच्या भांड्यात गार पाण्याच्या आधारानं कुपी जपायची. सामन्याचा खास दिवस, खेळाडूचा हात, दंडावरचा सेन्सर या सगळ्याच्या खूप आधीची ही पायरी आहे, आणि मुलांसाठी काही करू पाहणाऱ्या क्लबांनी तिथंही एकदा डोकावायला हरकत नाही. एका सामन्याच्या फटाक्यांच्या खर्चात किती घरांचं इन्सुलिन भागेल हा हिशोब मी मुद्दाम मांडत नाही. तो मांडला की फटाक्यांचीच चर्चा होते.

मधुमेह असूनही मोठे झालेले खेळाडू दाखवून मुलांना धीर देण्याची पद्धत आहे. वासिम अक्रमचं नाव आपल्याकडे आधी येतं. तिशीच्या उंबरठ्यावर त्याला मधुमेह निघाला आणि तरी तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत खेळला. फुटबॉलमध्ये स्पेनचा नाचो फर्नांडेझ. बाराव्या वर्षी निदान झालं तेव्हा एका डॉक्टरनं त्याला फुटबॉल संपलं म्हणून सांगितलं, काही दिवसांतच दुसऱ्यानं सांगितलं की खेळायलाच हवं. पुढं तो रेआल माद्रिदकडून सहा चॅम्पियन्स लीग जिंकला आणि २०१८ च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध त्यानं लांबून मारलेला गोल अजून लोक पुन्हापुन्हा पाहतात.

मला मात्र या यादीत गॅरी मॅबट सगळ्यांत जवळचा वाटतो. सतराव्या वर्षी मधुमेह निघाला, डॉक्टरांनी खेळ सोडायचा सल्ला दिला, त्यानं तो मानला नाही. १९८२ पासून सोळा वर्षं तो टॉटनहॅमचा बचावपटू होता, इंग्लंडकडूनही खेळला. बीबीसीवरच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात त्यानं संत्र्यात सुई टोचून इन्सुलिन कसं घेतात ते दाखवलं होतं. १९९१ साली त्यानं कर्णधार म्हणून एफए कप उंचावला. पण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जाऊन त्याचं नाव काढलंत तर लोक हसतात. १९८७ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत कॉव्हेंट्रीच्या खेळाडूनं मारलेला क्रॉस मॅबटच्या गुडघ्याला लागला, कमान घेत गोलरक्षकाच्या डोक्यावरून त्याच्याच जाळ्यात गेला, आणि कॉव्हेंट्री ३-२ नं जिंकलं. तिथल्या पाठीराख्यांनी आपल्या नियतकालिकाला नावच दिलं, 'गॅरी मॅबटचा गुडघा'.

त्या नावात मधुमेह कुठंच नाही. कुणी म्हटलं नाही की बिचाऱ्याची साखर कमी झाली असेल. मैदानात उतरलेल्या कोणत्याही बचावपटूची उडवली गेली असती तशी त्याची टर उडवली गेली, आणि चार वर्षांनी त्यानं कप उचलला तेव्हा टाळ्याही कोणत्याही कर्णधाराला मिळाल्या असत्या तशाच मिळाल्या. खास पाहुणचारात ही गोष्ट बसत नाही, त्याची ही उणीव मला जाणवते. पाहुण्या मुलाची चूक कुणी काढत नाही. त्याला सगळे हळुवारपणे हाताळतात, फोटोत पुढं उभं करतात, आणि तो फोटोतला मुलगा म्हणून घरी परततो. एका दिवसापुरतं हे गोडच लागतं. पण क्लबच्या फुटबॉल शाळेत हेच मूल रोज संध्याकाळी सरावाला येऊ लागलं, तर प्रशिक्षकाला लो ओळखता येतं का, त्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते का, आणि मूल सावरल्यावर तो त्याला परत मैदानात धाडतो का, की आईला फोन करून 'घेऊन जा' म्हणतो?

आमच्या त्या नातेवाइकांच्या मुलाला गेल्या मोसमात शाळेच्या संघातून वगळलं. आई तडक प्रशिक्षकांकडे गेली. मनात एकच शंका होती आणि ती तिनं थेट विचारली, "सर, शुगरमुळे का?"

"छे हो," सर म्हणाले. "शुगरचं मी बघतो. पण चेंडू गेला की हा मागं पळतच नाही. वर उभा राहून हात हलवतो, छेत्री असल्यासारखा. त्याला आधी बचावाला परत यायला सांगा, मग बघू."

मुलगा आठवडाभर घुश्शात होता. आई मात्र पुण्याला फोन करकरून सासूला, बहिणीला, मलाही हे ऐकवत होती, आणि प्रत्येक वेळी सरांची नक्कल करताना तो हात आणखी जोरात हलवत होती.