घरी थांबलेली सेलिन



आईवडिलांची सेवा करताकरता जिचे वय निघून गेले, अशी एखादी मुलगी आपल्या प्रत्येक आळीत असते. तिला शिकायचे होते, संसार करायचा होता, कदाचित व्रतस्थ व्हायचे होते. पण घरी कोणीतरी थांबणे भाग होते. आपण तिच्या त्यागाचे कौतुक करतो. तिला मात्र रात्री एक प्रश्न छळतो: देवाने दिलेले आयुष्य मी जगले का?

संत छोटी तेरेजा आपणा सर्वांना ठाऊक आहे. १८८८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली. तिची मोठी बहीण सेलिन हिलाही तीच ओढ होती. पण वडील लुई मार्टिन यांची स्मृती आणि मन ढासळू लागले; तीन वर्षे त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. सेलिन त्यांच्यासाठी मागे राहिली. १८९४ च्या जुलैमध्ये वडील वारले आणि सप्टेंबरात, पंचविसाव्या वर्षी, ती मठात गेली. जाताना तिने आपला कॅमेरा नेला. तेरेजाची मठातील जी छायाचित्रे आज जगभर पाहिली जातात, त्यांतील बहुतेक सेलिनने काढलेली आहेत.

देवाची हाक कोणी ऐकली? जी गेली तिने, की जी थांबली तिने? दोघींनीही. तेरेजा स्वार्थी नव्हती आणि सेलिनची वर्षे वाया गेली नाहीत.

पण प्रत्येक सेलिनच्या वाट्याला तो सप्टेंबर येत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मग आपले कर्तव्य काय?

देवाला अर्पण केल्याचे निमित्त सांगून आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने कठोर शब्दांत फटकारले (मार्क ७). तरीही वयाच्या तिशीत तो स्वतः नाझरेथचे घर सोडून पित्याच्या कार्याला निघाला. आणि क्रुसावर असताना त्याने आपली आई शिष्याच्या हाती सोपवली (योहान १९). त्याने हाकेची सबब केली नाही. आईची काळजीही बेवारस ठेवली नाही. ती दुसऱ्या कोणीतरी आपल्या घरी नेली.

इथेच आपण कमी पडतो. जबाबदारी घराची असते, पण ती एकीच्याच गळ्यात पडते. मग दूर राहणारी भावंडे पैसे पाठवतात, सणाला येतात आणि तिची स्तुती करून परततात. नाइलाजाने उचललेल्या ओझ्याला त्याग म्हणणे सोपे असते, विशेषतः ते आपल्या खांद्यावर नसते तेव्हा. खुशीने दिलेलाच त्याग देवाला प्रिय.

आणि भगिनी, तुला काही हवेसे वाटते हे पाप नाही. कदाचित ती इच्छाही त्यानेच पेरली असेल. घरच्यांपाशी ती बोलून दाखव.

आज मिस्सानंतर घरी गेल्यावर, कौतुकाऐवजी तिला एकच विचारू या: “तुला काय करायचे आहे? तोवर आम्ही थांबतो.”