मुलाच्या घासावर हक्क कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजानंतर एक तरुण पिता माझ्यासाठी थांबले होते. मशीद रिकामी होईपर्यंत ते खांबाला टेकून बसून राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "मौलानासाहेब, मुलगा पाच वर्षांचा आहे. भाजी दिसली की तोंड मिटून घेतो. काल मी त्याचे नाक दाबून घास भरवला. त्याच्या भल्यासाठीच केले. यात गुनाह आहे काय?"

मी त्यांना नरमाईने वागण्याचा सल्ला दिला, दुआ करण्यास सांगितले आणि ते समाधानाने गेले. परंतु उत्तर देणाऱ्याच्या स्वतःच्या घरी काय चालले होते, ते त्यांना ठाऊक नव्हते. माझी सहा वर्षांची मुलगी ताटात पालक तसाच टाकून उठत असे. मी तिचे नाक कधी दाबले नाही. मी धर्माचा आधार घेतला. टाकलेले अन्न कयामतच्या दिवशी आपल्याविरुद्ध तक्रार करील आणि अल्लाह नाराज होईल, असे मी तिला बजावले. त्या दिवसापासून तिचे ताट स्वच्छ होऊ लागले. आठवड्याभराने तिची आई घर झाडत असता पेटीमागे भाजीचे वाळलेले गोळे निघाले. मी जाब विचारला तेव्हा ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "अब्बा, भाजीमुळे अल्लाह माझ्यावर रागावला आहे का?"

प्रिय वाचकहो, ज्याच्या दयेची ओळख मुलांना करून देणे हे माझे कामच आहे, त्याची ओळख माझ्या मुलीला दस्तरखानावर भीतीच्या रूपाने झाली होती. म्हणून त्या पित्याचा प्रश्न आज मी स्वतःला विचारतो आणि आपणापुढेही ठेवतो. मुलाचे हित साधण्यासाठी त्याच्यावर बळजबरी करण्याचा, त्याला लालूच दाखविण्याचा वा फसविण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

नावड हा अपराध नव्हे

प्रथम हे पाहू की एखादा पदार्थ नकोसा वाटणे ही अवज्ञा आहे काय. बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे भाजलेली घोरपडीसारखी सरपट चालणारी एक वाळवंटी जात, जिला अरबीत 'दब्ब' म्हणतात, वाढण्यात आली. ते काय आहे हे कळताच प्रेषितांनी (स.) हात मागे घेतला. ते हराम आहे काय, असे हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) नकार दिला, आपल्या लोकांच्या प्रदेशात ते खाल्ले जात नाही, म्हणून मनाला रुचत नाही, असे त्यांनी सांगितले. हजरत खालिद (रजि.) यांनी ते तिथेच खाल्ले व प्रेषितांनी (स.) त्यांना अडविले नाही.

विचार करा. सवयीचा नसलेला पदार्थ मनाला न रुचणे ही मानवी प्रकृती आहे, आणि ती प्रकृती प्रेषितांनी (स.) मोकळेपणाने बोलून दाखविली. दुसऱ्या एका हदीसप्रमाणे त्यांनी कोणत्याही अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. प्रौढाला ही मुभा आहे आणि पाच वर्षांच्या बालकाला नाही, असा न्याय कोठला? बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. साधारण दोन ते सहा या वयात नव्या चवीची धास्ती वाटणे हा वाढीचाच एक टप्पा असतो. एकच पदार्थ बळजबरीविना आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर आला, की पुष्कळ मुले तो स्वीकारतात. आपण मात्र दुसऱ्याच दिवशी निकाल देऊन टाकतो : "हा भाजी खातच नाही."

बळ, लालूच आणि असत्य

यावर कोणी म्हणेल, की प्रेषितांनी (स.) आपले नातू हजरत हसन (रजि.) यांच्या तोंडातून खजूर काढून टाकल्याचे हदीसमध्ये आहे, ती सक्ती नव्हे काय? होय, ती सक्ती होती, पण तो खजूर सदक्याचा होता आणि सदका प्रेषितांच्या (स.) घराण्याला निषिद्ध होता. लहान मुलालाही त्यांनी ते कारण सांगितले. निषिद्धापासून रोखणे आणि अनुमत असलेले घशात कोंबणे या दोन गोष्टी एक नाहीत. मूल आजारी असेल, त्याचे वजन घटत असेल, तर वैद्यकीय उपचारासाठी आग्रह धरणे हे पालकांचे कर्तव्यच आहे. अशा वेळी अंगणवाडीत वा डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. परंतु निरोगी मुलाने आज दोडका नाकारला, म्हणून त्याचे नाक दाबण्यास उपचार म्हणता येत नाही. त्यातून मूल दोडका शिकत नाही. बलवान दुर्बलाच्या तोंडात काहीही घालू शकतो, एवढेच शिकते.

लालूच वरवर पाहता सौम्य वाटते. येथेही मला कबुली द्यावी लागेल. मकतबमध्ये सबक पाठ केलेल्या मुलाला मी कित्येक वर्षे टॉफी देत आलो. 'भाजी संपव, मग चॉकलेट देतो' असे म्हणताना आपण मुलाला नकळत सांगतो, की भाजी हा दंड आहे आणि चॉकलेट हे पारितोषिक. अल्लाहच्या एका देणगीला आपणच शिक्षेचे रूप देतो.

आणि असत्य? अबू दाऊदमधील एका हदीसमध्ये हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) आपल्या बालपणीची आठवण सांगतात. प्रेषित (स.) त्यांच्या घरी बसलेले असताना आईने त्यांना काहीतरी देण्याचे सांगून जवळ बोलाविले. काय देणार होतीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले. तिने खजूर म्हणून सांगितले. तेव्हा ते म्हणाले, की काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. आता आपले दस्तरखान आठवा. 'हे खा, नाही तर पोलीस येईल', 'हे औषध नाही, सरबत आहे', 'एवढा घास खा, मग मेळ्याला नेतो.' मूल लहान असते. त्याच्याशी बोललेले खोटे लहान नसते. दुधी किसून पराठ्यात घातला तर ती फसवणूक ठरेल काय, असे भगिनी विचारतात. स्वयंपाकाची कला म्हणजे लबाडी नव्हे. मात्र मुलाने विचारले, की "यात काय आहे?", तर खरे सांगावे. पराठा उरला तरी चालेल, विश्वास उरला पाहिजे.

पालकांचा अधिकार कोठे आहे?

मग मुलांना मोकाट सोडावे काय? नाही. अधिकार आहे, फक्त आपण तो चुकीच्या जागी गाजवितो.

क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ महिलेने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दूध सोडू लागलेल्या १५ बालकांना आपले अन्न स्वतः निवडू दिले. कोणी आग्रह करीत नसे, कोणी रोखत नसे. मुलांच्या आवडी विचित्र होत्या, तरी ती उत्तम वाढली. १९३९ साली अनुभव मांडताना डेव्हिसबाईंनी त्यातील खुबी स्वतःच उलगडून सांगितली. मुलांपुढे ठेवलेल्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता. सारे साधे, नैसर्गिक अन्न होते. निवड मुलांची होती, यादी मोठ्यांची होती. पुढे एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ महिलेने हाच विचार नियमासारखा मांडला : काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे पालकांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने.

मला यात अमानतीचा (सोपविलेल्या ठेवीचा) अर्थ दिसतो. मुलाचे पोट त्याचे आहे. दस्तरखान आपल्याकडे सोपविलेले आहे. सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत अल्लाह समस्त मानवांना पृथ्वीवरील हलाल आणि तय्यिब, म्हणजे वैध आणि शुद्ध-उत्तम, ते खाण्यास सांगतो. पाकिटावर हलालची खूण शोधणारे आपण तय्यिबचा विचार कितीसा करतो? शाळेच्या आवारात आणि त्याभोवतीच्या ५० मीटरमध्ये अतिरिक्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम देशात २०२० साली झाला. घराच्या आवारासाठी असा नियम कोण करणार? चार वाजता पाच रुपयांचे पाकीट हाती देणारे आपणच असतो आणि आठ वाजता 'हा जेवत नाही' म्हणून रागावणारेही आपणच.

ही केवळ सुखवस्तू घरांची चिंता नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालकांना रक्तक्षय आहे. आपला भंडारा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पांढरा भात आणि बटाटा यांवर मुले दिवस काढतात. परंतु याच मातीत पावसाळ्यात तरोटा आणि काटवल येतात, तलावांत शिंगाडे पिकतात, हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा येतात, जवसाची चटणी तर घरोघरी होऊ शकते. सूरह अबसमध्ये मनुष्याला आपल्या अन्नाकडे निरखून पाहण्यास सांगितले आहे. मुलाला बाजारात न्या, शेंगा सोलायला बसवा. जे हाताने ओळखले, ते जिभेला फार काळ परके राहत नाही.

आणि सर्वांत मोठे साधन म्हणजे आपले स्वतःचे ताट. एका शिंप्याने प्रेषितांना (स.) जेवायला बोलाविले, किशोरवयीन हजरत अनस (रजि.) सोबत होते. प्रेषित (स.) भांड्यातून दुधीच्या फोडी वेचून खात आहेत, हे त्यांनी पाहिले. त्या दिवसापासून दुधी आपल्याला प्रिय झाला, असे ते सांगत. त्यांना कोणी आज्ञा केली नव्हती, आमिष दाखविले नव्हते. ज्यांच्यावर प्रेम होते, त्यांच्या शेजारी बसून त्यांनी पाहिले, एवढेच. आपली मुले काय पाहतात? पिता मोबाइल पाहत जेवतो, भाजी बाजूला सारतो आणि मुलाला म्हणतो, "तू खा."

अन्न वाया जाण्याचा प्रश्न उरतोच. इस्राफ (उधळपट्टी) निषिद्ध आहे, हे मी मुलीला शिकविले ते चूक नव्हते. परंतु तिच्या ताटात मूठभर पालक मी वाढला होता. तिची भूक न विचारता वाढणारा हात माझा होता; मग इस्राफ कोणाचा? आता आम्ही चमचाभर वाढतो आणि हवे असल्यास पुन्हा मागायला सांगतो. त्या रात्री मी तिला जवळ घेऊन सांगितले, की अल्लाह तुझ्यावर रागावलेला नाही, अब्बांचे चुकले. पालक ती अजूनही खात नाही. परवा मात्र माझ्या ताटातली काटवलाची एक फोड तिने आपण होऊन उचलली, चावली, तोंड वाकडे केले आणि गिळली. मी काहीच बोललो नाही.

त्या पित्याला मी अर्धेच उत्तर दिले होते. उरलेले असे : बंधू, मुलाच्या नाकावरचा हात काढा. तौबा करा, मुलाची माफी मागा. त्याने पित्याचा मान कमी होत नाही. मग त्याच्या शेजारी मांडी घालून बसा, बिस्मिल्लाह म्हणा आणि तीच भाजी आपण चवीने खा.

अल्लाह आपल्या दस्तरखानांवर बरकत देवो आणि आपल्या मुलांच्या हृदयात त्याच्या भयाआधी त्याच्या दयेची ओळख रुजवो. आमीन.