दोन्ही बाजूंचं सैन्य

युद्धखेळाचा नाद असलेल्या माणसाच्या कपाटात सैनिक नेहमी गरजेपेक्षा जास्त निघतात. जेमतेम 28 मिलिमीटर उंचीचे, धातूचे किंवा प्लास्टिकचे. टेबलावर टेकड्या, ओढे, शेतं मांडायची, फूटपट्टीने चाल मोजायची, फासे टाकून गोळीबाराचा निकाल लावायचा, असा हा मोठ्या माणसांचा खेळ. एच. जी. वेल्सने 1913 साली त्याच्या नियमांचं ‘लिटल वॉर्स’ हे छोटं पुस्तक काढलं. खरं युद्ध किती ढिसाळ आणि महागडं असतं हे कळायला खोटं युद्ध खेळून पाहावं, असा त्याचा सल्ला होता. पुढच्याच वर्षी युरोपने तो धुडकावला.

नादिष्ट माणूस एखाद्या लढाईबद्दल वाचतो, तिचं सैन्य विकत आणतो, अर्धं रंगवतो, तोवर दुसऱ्या लढाईचं पुस्तक हाती येतं. असं करता करता खण भरतात. मग एखाद्या सुट्टीच्या सकाळी सगळं बाहेर काढून बसावं लागतं. काही सैनिक देऊन टाकायचे, काही ठेवायचे आणि ठेवायचे त्यांचा थरावर थर चढलेला जुना रंग उतरवून त्यांना नव्याने रंगवायचं.

काम वेळखाऊ असतं. धातूचे सैनिक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवले की अ‍ॅक्रिलिक रंग सुटू लागतो. मग जुन्या टूथब्रशने घासायचं. कोटाच्या घडीत, काडतुसांच्या पेटीच्या कडेला अडकलेला रंग टाचणीने काढायचा. जुना शिशाचा सैनिक असेल तर तो कोरडा घासायचा नाही आणि नंतर हात स्वच्छ धुवायचे. शेवटी उरतो तो राखाडी धातूचा माणूस. नाक आहे, मिशी आहे, खांद्याला बंदूक आहे. पण तो कोणाकडून लढतो हे एकदम सांगता येत नाही. नेपोलियनच्या काळातल्या पायदळांच्या टोप्या, कोट, पाठीवरच्या पिशव्या एकमेकींच्या इतक्या जवळच्या, की पुष्कळदा बाजू ठरते ती रंगाच्या बाटलीने.

हे फक्त टेबलावर घडतं असंही नाही. नासाऊ हे जर्मनीतलं एक छोटं संस्थान. त्याची दुसरी पायदळ पलटण हिरव्या कोटातली. 1809 साली स्पेनमध्ये तालावेराच्या लढाईत ही पलटण नेपोलियनच्या बाजूने उभी होती आणि समोर होता इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. डिसेंबर 1813 मध्ये ती पलटण बायोनजवळ इंग्रजांना येऊन मिळाली. 1815 साली वॉटर्लूला ती त्याच वेलस्लीच्या, म्हणजे आता ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या, सैन्यात होती. निष्ठा बदलली होती, पण गणवेशाचं वळण फ्रेंचच राहिलं होतं. संध्याकाळी मदतीला धावून आलेल्या प्रशियन सैनिकांनी त्यांना फ्रेंच समजून त्यांच्यावरच गोळीबार केला. माणसांपेक्षा कोटाला आधी ओळखलं जातं, याची किंमत त्यांनी जिवाने मोजली.

रंगकाम निदान शांतपणे करता येतं. खरी कसोटी लागते ती सैनिक कमी करताना. हात आपोआप प्रतिपक्षाच्या पेटीकडे जातो. आवडत्या बाजूचे सैनिक प्रेमाने एकेक करून जमवलेले असतात, त्यांच्या झेंड्यावरची अक्षरंही बारीक ब्रशने काढलेली असतात. समोरची बाजू मात्र खेळापुरती, घाईत एकाच रंगात उरकलेली. जागा हवी झाली की पहिली गच्छंती तिची. आणि मग लक्षात येतं, की उरलेल्या दिमाखदार सैन्याला लढायला कोणी शिल्लकच नाही. आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात, त्यावर मातीचे मावळे मांडतात, सिंहासनावर महाराज बसवतात. तो दरबाराचा थाट असतो, तिथे शत्रू नसला तरी चालतं. लढाई मांडायची तर तो लागतोच.

शत्रू मनापासून रंगवायला बसलेल्या माणसाला काय मिळतं, हे पाहायला लांब जायला नको. जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी याच वेलस्लीची शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी गाठ पडली. ही लढाई इंग्लंडमधले युद्धखेळाडू आवडीने खेळतात. त्यांच्यातला जो शिंद्यांच्या फौजेला ‘रंगीबेरंगी जमाव’ म्हणून उरकतो, त्याला टेबलावर काहीच उलगडत नाही. जो वाचून, विचारून रंगवतो, त्याला कळतं की इथे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पलटणी आहेत, त्यांच्यावर पोलमान हा हॅनोव्हरचा माणूस आहे, आणि तोफखाना असा, की गोलंदाज तोफांपाशीच उभे राहून मेले. वेलस्लीने लढाई जिंकली, पण त्याचे पंधराशेहून जास्त लोक ठार किंवा जखमी झाले. याचं कारण समोरच्या पेटीत आहे. लाल कोटांची पेटी उघडली तर आणखी एक गोष्ट दिसते. त्यात स्कॉटिश पलटणी दोनच. बाकी पायदळ मद्रासच्या शिपायांचं. सोबत म्हैसूरचे स्वार आणि मराठे स्वारही आहेत. ‘आपले’ आणि ‘परके’ असे दोन खण करून ठेवलेल्या माणसाला इथे ब्रश खाली ठेवून थोडा विचार करावा लागतो.

शत्रू वगळला जातो तसा कधीकधी मित्रही वगळला जातो. विल्यम सायबर्न नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याला 1830 साली वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करण्याचं काम मिळालं. तो कित्येक महिने तिथल्या एका वाडीवर राहिला, जमीन मोजली, लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहून कोण कुठे उभं होतं ते विचारलं. सरकारी पैसा मध्येच थांबला तरी त्याने पदरमोड करून, कर्ज काढून काम पुरं केलं. 1838 साली लंडनला ती प्रतिकृती लोकांसमोर आली, तेव्हा तिच्यावर 70,000 हून अधिक चिमुकले धातूचे सैनिक उभे होते. संध्याकाळी सातच्या सुमाराची ती वेळ. नेपोलियनची इंपीरियल गार्ड चढाई करते आहे आणि त्याच्या उजव्या बगलेवर प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने येऊन भिडलं आहे. वेलिंग्टनच्या निकटवर्तीयांना नेमकं हेच खटकलं. प्रशियन इतके दिसले तर विजयाचं श्रेय वाटून द्यावं लागतं. वाद पुष्कळ दिवस चालला आणि अखेर सायबर्नने बरेच प्रशियन सैनिक पटावरून काढून टाकले. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

ज्याने इतक्या लोकांना विचारून एकेक पलटण जागेवर बसवली, त्यालाही शेवटी चिमटा घेऊन सैनिक उपटावे लागले. खोटा सैनिक एकही घातला नाही. फक्त काही खरे काढले, आणि तेवढ्याने लढाईचा अर्थ बदलला.

आपण आपल्या आठवणींचा पसारा आवरतो तेव्हा याहून वेगळं काय करतो? सगळंच सांभाळून ठेवणं शक्य नसतं, काही गाळावंच लागतं. पण गळतं कोण, ते पाहण्यासारखं असतं. भावाशी झालेल्या जमिनीच्या भांडणात त्याची बाजू एकाच काळ्या रंगात उरकलेली असते. त्याला तेव्हा पैशांची काय नड होती, हा तपशील कधीच खणाबाहेर गेलेला असतो. नोकरीतलं यश सांगताना आपली हुशारी झेंड्यासकट शाबूत असते आणि संध्याकाळी सात वाजता मदतीला धावून आलेला सहकारी पटावर दिसत नाही. खोटं आपण काहीच बोललेलो नसतो. मात्र विरोधक घाईत रंगवलेला असतो आणि मदत करणारा उचलून ठेवलेला असतो, आणि उरलेली गोष्ट ऐकायला इतकी छान वाटते की ती अपुरी आहे याचा आपल्यालाच विसर पडतो.

युद्धखेळात मुरलेली माणसं आवराआवर करताना एक साधी पद्धत पाळतात. एका बाजूच्या दोन पलटणी काढल्या तर दुसऱ्या बाजूच्याही तेवढ्याच काढायच्या. आणि नवा रंग द्यायचा तो दोन्ही पेट्यांना एकाच बैठकीत, तोच ब्रश आणि तीच नजर वापरून. सैन्य निम्मं झालं तरी मग खेळ पुरा राहतो. आज दिवसभरात एखादी जुनी हकिकत सांगायची वेळ आली, तर ती हवी तेवढी आखूड करावी. फक्त कात्री दोन्हीकडे सारखी चालवावी.