खोकं

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडसमोर टेम्पो थांबला आणि कमरेएवढं एक खोकं उतरलं. ते घरी न मागवता कारखान्यात मागवलं होतं, कारण घरी बावीस हजार सांगितले होते आणि बिलावर बत्तीस होते. हे खोटं मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. हौसेचं बिल घरात सांगताना थोडं छाटायचं, हे आमच्याकडे पिढीजात चालत आलंय.

आमचे टर्नर मामा हात पुसत बाहेर आले. "मालक, काय आलंय?"

"भट्टीचं सामान," मी म्हणालो.

तसं पाहिलं तर खरंच होतं. बार्बेक्यूची ग्रिल म्हणजे भट्टीच की. पण खोक्यावर निखाऱ्यावरच्या लालबुंद मांसाचं हातभर चित्र होतं आणि मामांना डोळे आहेत.

ती ग्रिल निवडायला मला तीन आठवडे लागले, आणि ते तीन आठवडे फार सुखाचे गेले. गॅसची घ्यायची की कोळशाची, इथपासून सुरुवात. गॅसवर ताप हातात राहतो, पण निखाऱ्यावर चरबीचे थेंब पडून जो धूर उठतो तो नाही म्हटलं तरी वेगळाच. मग झाकणाची घ्यायची ठरली. तिची खुबी वाऱ्यात आहे: खालच्या झरोक्यातून हवा आत, वरच्यातून धूर बाहेर, झरोके आवळले की निखारा मंदावतो. निखारे एका बाजूला लोटायचे, म्हणजे एकीकडे भाजणं आणि दुसरीकडे नुसत्या उष्णतेवर सावकाश शिजणं. जाळी बिडाची, कारण बीड ताप धरून ठेवतं. फक्त तेलाचा हात फिरवत राहायचा, नाहीतर गंज. रात्री अंथरुणात मी पत्र्याची जाडी वाचत पडायचो. पन्नाशीतल्या माणसाला खेळण्याची इतकी ओढ लागावी याचं मला नवलही वाटलं आणि बरंही वाटलं.

गंमत अशी की कोल्हापूरच्या जेवणाला ग्रिल फारशी लागतच नाही. बोकडाच्या मटणात चरबी कमी आणि चिवटपणा जास्त. त्याला पाणी लागतं आणि वेळ लागतो. म्हणून तर आपण मटण आधी शिजवतो, आणि त्याच अळणी पाण्यातून पांढरा रस्सा उभा राहतो. तेच थेट आगीवर टाकलं तर चामडं होतं. मग उरतात चाप, कलेजी आणि खिमा. आमच्या रस्सा मंडळाला शेताच्या बांधावर तीन दगड आणि एक पातेलं पुरतं, तिथे बत्तीस हजारांचं कुणी नावही काढलेलं नाही. 2019 च्या अखेरीस मटणाचे दर वाढले म्हणून या शहरानं आंदोलन केलं होतं. तेव्हा किलोमागच्या थोडक्या रुपयांसाठी चौकात तावातावानं बोलणाऱ्यांत मीही होतो.

आणखी एक. तेलाचं पिंप मधोमध कापून, पाय लावून, मामांनी अर्ध्या दिवसात हीच वस्तू करून दिली असती. बीड तर आमच्या शेडमध्ये पायाखाली येतं. पण मला ती झळझळीत, परदेशी घडणीचीच हवी होती. आणि मामांना सांगायची लाजही वाटत होती.

लाज का, ते आता लिहितो. इतका वेळ तेच टाळत होतो.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं मामांच्या ढाबळीचे पत्रे उडाले. मामांना कबुतरांचा नाद. सकाळी सोडलेलं पाखरू किती तास हवेत राहतं हे बघत सुट्टीचा दिवस गच्चीवर उताणं पडून काढणारा माणूस. शनिवारी पगाराच्या वेळी ते म्हणाले, "पावसाआधी ढाबळ करायला पायजे, मालक. आठ हजार उचल द्या, हप्त्यानं कापून घ्या."

मी म्हणालो, "मामा, पोरांच्या फीचं बघा आधी. कबुतरं काय तुम्हाला जेवायला घालणार हायेत?"

सगळे हसले. मामाही हसले. त्याच रात्री साडेअकराला मी ग्रिलचे पैसे भरले.

हातात पैसे नव्हते असं नाही. उधळपट्टीला उचल देऊ नये, अशी मनाची समजूत घातली होती, आणि ती चार दिवस टिकलीसुद्धा. खरी गोष्ट अशी की आपल्याकडे शब्दांनाही वेतनश्रेणी आहे. मी करतो तो छंद, मामा करतात तो नाद. मला विरंगुळा लागतो, त्यांना शिस्त. 'नाद खुळा' हे आम्ही गाड्यांच्या मागे अभिमानानं लिहितो, पण तोच नाद उचल मागायला दारात आला की खुळा कोण ते लगेच ठरवून टाकतो. आणि मी कोणत्या तोंडानं? गेल्या वर्षी 26 जूनला शाहू जयंतीला मीच बोललो होतो. परदेशातली प्रचंड प्रेक्षागृहं पाहून आलेल्या महाराजांनी 1912 साली खासबाग मैदान उभं केलं, कुठेही बसलं तरी कुस्ती दिसावी असं बांधलं, पैलवानांना आश्रय दिला, हे सगळं घसा फोडून सांगितलं. मल्लाला महाराजांनी आधी पोराबाळांचं बघ म्हणून परत धाडल्याचं त्या भाषणात कुठे नव्हतं.

पहिल्या रविवारी कांदा-लसूण चटणी आणि कच्ची पपई लावलेली चाप भाजली. मित्र बोटं चाटत होते. मला वाटलं होतं, मन खाईल, घास उतरणार नाही. तसं काही झालं नाही. चाप उत्तम झाली होती आणि मी चार खाल्ल्या. मला तेच जास्त खटकतं.

ग्रिल घरी नेण्यासाठी शेडमध्ये खोकं उघडलं, त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मामा रेंगाळत होते. म्हणाले, "मालक, खोकं टाकणार असला तर न्यू काय? पुठ्ठा जाड हाय. पावसाचं दोन म्हैनं तरी निघत्याल, वर पलास्टिक टाकलं तर."

"न्या की," मी म्हणालो, आणि क्षणभर दिलदार असल्यासारखं वाटलं, हेही इथं लिहून ठेवतो.

ते खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून गेले. चित्राची बाजू बाहेर होती. ढाबळीला लावताना ती आत केली की बाहेर, मला माहीत नाही. अजून तिकडे गेलेलो नाही.