कोपऱ्यातल्या तीन सावल्या

गुहेच्या तोंडाशी एक गोरिला उभा आहे. अंगभर झिपरे केस, डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण, आणि जवळच साबणाचे फुगे सोडणारं एक यंत्र. या प्राण्याने पृथ्वीवरची जवळजवळ सगळी माणसं संपवली आहेत, असं आपल्याला सांगितलं जातं. ‘रोबॉट मॉन्स्टर’ हा १९५३ सालचा अमेरिकी विज्ञानपट. दिग्दर्शक फिल टकर यांना खरं तर यंत्रमानव हवा होता, पण तो पोशाख परवडेना. जॉर्ज बॅरोज या नटाकडे गोरिलाचा स्वतःचा पोशाख होता. त्याला बोलावलं, वर शिरस्त्राण चढवलं, झाला परग्रहवासी! श्रेयनामावलीत त्या फुग्यांच्या यंत्राचाही मानाने उल्लेख आहे.

हे पाहून हसू न येणारा माणूस मला भेटायचा आहे. पण नेमकं कशाला हसायचं? अमेरिकेतल्या एका विनोदी मालिकेने या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं, तेही प्रश्न विचारत असल्याचा आव न आणता.

‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ ही ती मालिका. नोव्हेंबर १९८८ मध्ये मिनिआपोलिसच्या केटीएमए या स्थानिक वाहिनीवर ती सुरू झाली. जोएल हॉजसन या विनोदवीराच्या डोक्यातली कल्पना साधी होती. दोन माथेफिरू शास्त्रज्ञ एका सफाई कामगाराला अंतराळयानात डांबतात आणि रद्दड चित्रपट बघायला लावतात. सोबतीला तो यंत्रमानव बनवतो, पण त्यासाठी वापरतो ते चित्रपट सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेचेच भाग. म्हणजे करमणुकीला सोबत मिळाली, सुटका मात्र गेली. मग हा माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सावल्या होऊन बसतात आणि चित्रपट संपेपर्यंत शेरे मारत राहतात. आपल्याला चित्रपटही दिसतो आणि पुढच्या रांगेतली ही तीन डोकीही.

आपल्याकडे हे काम सोंगाड्याने केलं आहे. वगातला राजा न्यायनिवाडा करायला बसला की सोंगाड्या मध्येच तोंड घालतो आणि सिंहासन म्हणजे खरं तर लाकडी खुर्ची आहे, याची सगळ्यांना आठवण करून देतो. मात्र तो नाटकाच्या आत असतो. राजा त्याला दटावू शकतो. चित्रपटातला शास्त्रज्ञ या सावल्यांना उलट बोलू शकत नाही. तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच बोलून मोकळा झालेला आहे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याची थट्टा करणं सोपं असतं, म्हणूनच ती जपून करावी लागते.

मालिकेला हे बरंचसं साधलं, आणि त्याचं कारण माझ्या मते तिची स्वतःची गरिबी. टॉम सर्वो या यंत्रमानवाचं डोकं म्हणजे रंगीत चघळगोळ्या देणारं यंत्र. क्रो नावाच्या दुसऱ्याची चोच बोलिंगच्या पिनेतून कापलेली. सुरुवातीला स्थानिक वाहिनीच्या साठ्यात पडून असलेले चित्रपट वापरले जात आणि शेरे बरेचसे आयत्या वेळी सुचतील तसे. पुढे लेखक एका खोलीत बसून तोच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहू लागले आणि शेरे लिहून काढू लागले. एखादा सुमार चित्रपट इतक्या वेळा, इतक्या बारकाईने त्याच्या निर्मात्यांनी तरी पाहिला असेल का? पुठ्ठ्याच्या यानात बसून दुसऱ्याच्या पुठ्ठ्याच्या यानाला हसताना हसणारा आपोआप खालच्या पायरीवर येतो.

त्यांचे उत्तम शेरे म्हणूनच पैशाच्या तुटवड्यावर नसत, डौलावर असत. दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांचा ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ (१९५६) घ्या. शुक्रावरून आलेला राक्षस बुटका असावा, कारण तिथलं गुरुत्वाकर्षण त्याला ठेंगणं ठेवील, असा हिशेब कॉर्मन यांनी केला होता. तो तयार झाला तेव्हा नायिका बेव्हर्ली गारलंड त्याच्याकडे वरून पाहत हसत सुटल्या. मग त्याला घाईघाईने उंच करण्यात आलं. अर्थात कॉर्मन यांचा तर्क हास्यास्पद नव्हता, उलट त्या काळच्या अनेक चित्रपटांपेक्षा त्यात विज्ञान जास्त होतं. हसण्याजोगी गोष्ट शेवटी येते. माणसं मेली आहेत, रबराचा राक्षस पडला आहे, आणि नायक पीटर ग्रेव्ह्ज धीरगंभीर आवाजात मानवजातीबद्दल प्रवचन देतात. मालिकेने आपल्या भागाच्या शेवटी ते प्रवचन पुन्हा दाखवलं. थट्टा तिथे योग्य जागी बसली. अणुबॉम्बच्या सावलीतल्या त्या दशकात पडद्यावरचे प्राध्यापक आणि सेनाधिकारी प्रेक्षकाला समजावण्याचा मक्ता घेऊन बसले होते. त्यांना कुणीतरी मध्येच तोडायला हवंच होतं.

हाच न्याय लावला तर मालिकेची चूकही दिसते. १९९६ मध्ये युनिव्हर्सलच्या पाठबळावर तिने स्वतःचा चित्रपट काढला आणि थट्टेसाठी निवडला त्याच कंपनीचा ‘धिस आयलंड अर्थ’ (१९५५). हा रंगीत, नीटस, आपल्या काळात मन लावून केलेला चित्रपट. मूळ लांबी ८७ मिनिटं. त्याची टर उडवणारा, वर स्वतःचे प्रवेश घातलेला चित्रपट मात्र सव्वा तासाचाही नाही. पाहुण्याचे हातपाय आखडून त्याला खाटेच्या मापाचा करायचा आणि वर तो बेढब दिसतो म्हणून हसायचं, हा काही सरळ खेळ नव्हे.

आणखी एक तक्रार मला सोडवत नाही. ‘रोबॉट मॉन्स्टर’चं संगीत एल्मर बर्नस्टाइन यांचं आहे. पुढे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ला संगीत देणारे हेच ते. डाव्या विचारांच्या संशयावरून त्या वेळी मोठे स्टुडिओ त्यांना काम देत नव्हते, म्हणून ते या गोरिलापर्यंत आले. काम त्यांनी कुचराई न करता केलं. सावल्यांच्या बडबडीखाली ते ऐकू येत नाही. शेरेबाजीची किंमत ही, की चित्रपटात जे चांगलं असतं ते आधी बुजतं. वाईट तेवढं ठळक उरतं.

तरीही हे चित्रपट जगले ते याच बडबडीमुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मालिकेच्या श्रेयनामावलीत ‘टेपा एकमेकांत फिरवत राहा’ अशी सूचना असे आणि प्रेक्षक ती पाळत. २०१५ मध्ये मालिका पुन्हा सुरू करण्यासाठी चाहत्यांनी ५७ लाख डॉलरहून अधिक वर्गणी दिली. ज्यांच्या चित्रपटांवर ती पोसली त्यांनी एवढे पैसे एका जागी कधी पाहिले नसतील.

‘मानोस : द हँड्स ऑफ फेट’ची गोष्ट तर या सगळ्यापलीकडची. हा विज्ञानपट नव्हे, भयपट, पण मालिकेची कीर्ती त्याच्याशी कायमची जोडली गेली. टेक्ससमधल्या एल पासो गावचे खतविक्रेते हॅरल्ड वॉरेन यांनी पैजेवर तो काढला. चावीचा कॅमेरा एका वेळी जेमतेम बत्तीस सेकंद चाले, आणि त्यात आवाज टिपण्याची सोय नव्हती. दोन-चार जणांनी नंतर सगळ्या पात्रांचे संवाद म्हटले. १५ नोव्हेंबर १९६६ला गावातच पहिला खेळ झाला. प्रेक्षक हसू लागले. त्यासाठी कोपऱ्यात सावल्या लागल्या नाहीत. चित्रपटात काम केलेली एक लहान मुलगी तिथे होती. पडद्यावर आपलं तोंड उघडतंय आणि आवाज भलत्याच बाईचा येतोय, हे कळताच ती रडू लागली.

१९९३ मध्ये मालिकेने तो विस्मृतीतून काढला नसता, तर मूळ फिल्म २०११ मध्ये सापडल्यावर तिच्यावर कुणी मेहनत घेतली नसती. आता तो स्वच्छ, लखलखीत स्वरूपात ब्लू-रेवर मिळतो. मुलीच्या तोंडी आवाज अजून त्या बाईचाच आहे.