नीर, क्षीर आणि निवड

राजहंस पाण्यातून दूध वेगळे करतो, हा संस्कृत कवींचा संकेत आपल्या वाङ्मयात इतका रुजला आहे की उत्तम समीक्षकाला, न्यायाधीशाला आणि प्रसंगी संतालाही आपण ‘नीरक्षीरविवेकी’ म्हणतो. रसायनशास्त्राच्या बाजूने पाहिले तर मात्र येथे एक अडचण उभी राहते. गाईच्या दुधात मुळातच शंभरात सुमारे ८७ भाग पाणी असते. हंसाने खरोखरच सारे पाणी काढून टाकले, तर त्याच्यापुढे दूध उरणार नाही. उरेल ती भुकटी. गवळ्याने घातलेले पाणी आणि गाईने दिलेले पाणी एकदा एकत्र झाले, की हंसाच्या चोचीला तो भेद कळण्याचा मार्ग नाही. मग ज्या शुद्धतेचा आपण एवढा गौरव करतो ती नेमकी कशाची? आणि वेगळे करणे हे नेहमी विवेकाचेच कृत्य असते काय?

‘विवेक’ या शब्दाच्या मुळाशी ‘विच्’ म्हणजे वेगळे करणे हा धातू आहे. मराठीने तर हे नाते स्वयंपाकघरातच जपले आहे. आपण तांदूळ निवडतो, भाजी निवडतो. त्याच क्रियापदातून ‘निवड’ आणि ‘निवडणूक’ हे शब्द आले. पाखडणे, चाळणे, निवळणे, गाळणे, घुसळणे ही सारी कामे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून घरात चालत आली. सूप हलके-जड हा भेद ओळखते, चाळणी लहान-मोठा हा, रवी ताकातून लोणी वर आणते, मिठागरात ऊन पाण्याला नेते आणि मिठाला मागे ठेवते. या सर्वांमागील तत्त्व एकच आहे : ज्या दोन गोष्टी वेगळ्या करावयाच्या, त्यांच्या एखाद्या तरी गुणधर्मात फरक असला पाहिजे आणि तो आपल्याला ठाऊक असला पाहिजे. भेद न जाणता केलेली निवड म्हणजे केवळ तोडफोड होय.

रसायनशास्त्र मिश्रणांत पायऱ्या मानते. तांदळातील खडा डोळ्यांना दिसतो. पाण्यात विरघळलेले मीठ दिसत नाही, परंतु चवीला कळते आणि उष्णतेने परत मिळते. संयुगात मात्र घटक आपला मूळ स्वभावच सोडतात. मिठातील सोडियम आणि क्लोरीन यांना वेगळे केल्यास मीठ राहत नाही, हाती येतात एक दाहक धातू आणि एक विषारी वायू. जे नुसते शेजारी बसले आहे आणि जे एकमेकांत बदलून गेले आहे, त्यांना एकच न्याय लावता येत नाही.

या दोहोंच्या मधली अवस्था अधिक बोधप्रद आहे. अल्कोहोल आणि पाणी हे मिश्रणच. तरी साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते. तेथे द्रव आणि वाफ यांची घटना एकसारखी होते व पुढे कितीही उकळले तरी प्रगती नाही. उरलेले पाणी काढण्यासाठी कळीच्या चुन्यासारखा किंवा बेंझीनसारखा तिसरा पदार्थ आणावा लागतो. बेंझीन वापरले तर त्याचाच अंश मागे राहण्याची भीती. आणि एवढे करून मिळालेले निर्जल अल्कोहोल उघडे ठेवताच हवेतील ओलावा ओढू लागते. शुद्धीकरण करणाराही मिश्रणात मिसळतो, ही गोष्ट समाजाचे शुद्धीकरण करू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मिसळणे आपोआप घडते, वेगळे करण्याला श्रम पडतात. म्हणून ते श्रम कशासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न नैतिक ठरतो.

यावरून सर्व मिश्रणे सारखीच, असे म्हणावयाचे नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळल्यामुळे जलशोफाची साथ आली आणि सुमारे साठ माणसे दगावली. धोत्र्याचे बी मोहरीसारखे दिसते. परंतु बी असताना ते निवडता येते, घाण्यातून तेल निघाल्यावर ते काम ग्राहकाच्या हातात राहत नाही. निवडीची एक वेळ असते आणि ती टळली की दोष विकत घेणाऱ्याच्या देहात शिरतो. येथे पाप मिसळण्यापेक्षा लपविण्यात आहे. ताकात पाणी सगळेच घालतात. ताक म्हणूनच ते देतात. पाणी घालून दूध म्हणून विकणे हा अपराध.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी भाषकांना हा प्रश्न परका नाही. आमची मराठी शुद्ध नाही, हे आम्ही वारंवार ऐकतो. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्या निवडीला राज्याचे प्रयोजन होते. तरीही जमीन आणि बाजार फारसीतून येऊन आपले झाले. बटाटा, चावी, पगार पोर्तुगिजांकडून आले. ते आज काढू गेलो तर हंसाची गत होईल : पाणी जाईल आणि दूधही जाईल. उलट, आपला नेमका शब्द जिभेवर असताना केवळ आळसाने दुसरा उचलणे, हा तांदळातील खडा आहे. तो दिसतो, तेव्हाच निवडावा.

म्हणून काहीही वेगळे करण्यापूर्वी आम्ही स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : हे मिसळलेले अपायकारक आहे काय? ते अजून शेजारी आहे की अंगभूत झाले आहे? आणि वेगळे केल्यावर उरेल त्याला आपण जुन्याच नावाने हाक मारू शकू काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर सूप खाली ठेवणे हाही विवेकच होय.