वहीबाहेरचा खर्च

बीरगांवात वाळत घातलेले कपडे आधी झटकायचे आणि मगच घरात आणायचे. पाण्याच्या टाकीच्या झाकणावरून बोट फिरवलं की ते काळं होतं. रायपूरला लागून असलेल्या या शहराच्या एका अंगाला उरला ही औद्योगिक वसाहत, पुढे सिलतराची. स्पंज आयर्नच्या भट्ट्या तिथल्याच. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार आणि मूळचे छत्तीसगढी रहिवासी हीच काजळी श्वासात घेतात. ती कुठून येते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. निवडणुकीतला पैसा कुठून येतो, ते मात्र मोठ्यांनाही सांगता येत नाही. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्या कारखान्याच्या धुराड्यावर राज्य सरकारने लक्ष ठेवायचं, त्याच कारखानदाराकडे निवडणुकीत देणगी मागायची मुभा सरकार चालवणाऱ्या पक्षाला आहे. मग प्रदूषण मंडळाच्या एखाद्या निरीक्षकाने कितीही सचोटीने अहवाल लिहिला, तरी नागरिकाच्या मनातली शंका फिटत नाही.

बीरगांव रायपूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात मोडतं. 2023च्या विधानसभा निवडणुकीत इथल्या प्रत्येक उमेदवाराला 40 लाखांची खर्चमर्यादा होती. उमेदवाराला खर्चाची एक वही मिळते. रोजच्या खर्चाची पानं पांढरी, रोखीची गुलाबी आणि बँकेच्या व्यवहाराची पिवळी. चहाचा कप, समोसा, खुर्ची, मंडप, गाडी, सगळ्यांचे दर जिल्हा निवडणूक अधिकारी आधीच ठरवून देतात. सभेत चित्रीकरण करणारं पथक खुर्च्या मोजतं आणि निवडणूक आयोगाची माणसं त्याच खर्चाची आपली एक वेगळी वही ठेवतात. प्रचाराच्या काळात दोन्ही वह्या तीनदा पडताळल्या जातात. ही व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एका कप चहाचा हिशेब ठेवणारी लोकशाही हा काही थट्टेचा विषय नव्हे.

पण ही वही उमेदवाराची आहे. पक्षाच्या खर्चाला आपल्या कायद्यात मर्यादाच नाही. 1974च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात स्पष्ट सांगितलं होतं की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरावा. त्याच महिन्यात केंद्र सरकारने अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. 2003 साली नियम थोडे आवळले गेले. तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि ठरावीक बड्या नेत्यांचा प्रवास आजही उमेदवाराच्या वहीबाहेर आहे. समोसा मोजायचा आणि हेलिकॉप्टर सोडून द्यायचं, हा अन्याय पन्नास वर्षं चालत आला आहे.

देणगीचंही तेच झालं. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षाला द्यावं, ही अट 2017मध्ये काढून टाकली आणि पुढच्या वर्षी देणगीदाराचं नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे आले. 15 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दोन्ही गोष्टी घटनाबाह्य ठरवल्या. मतदाराला जाणून घेण्याचा हक्क आहे, हा त्या निकालाचा गाभा.

छत्तीसगढने पैशाच्या संशयाचं टोक 2014मध्ये पाहिलं. अंतागढच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार मंतूराम पवार यांनी ऐन वेळी अर्ज मागे घेतला. पुढच्या वर्षी या माघारीच्या सौद्याच्या म्हणून काही ध्वनिफिती बाहेर आल्या. ज्या नेत्यांची नावं आली त्यांनी तेव्हा आरोप नाकारले. आरोपाचं खरंखोटं न्यायालयाने ठरवायचं. पण अंतागढच्या काँग्रेसच्या मतदाराला त्या दिवशी मतपत्रिकेवर आपल्या पक्षाचं नावच दिसलं नाही, ही हानी कुठल्याही निकालाने भरून येणारी नाही.

निवडणुकीचे नियमही सत्तेबरोबर फिरतात. 2019मध्ये राज्यातल्या काँग्रेस सरकारने महापौराची थेट निवडणूक बंद केली. त्यामुळे डिसेंबर 2021मध्ये बीरगांवकरांनी फक्त नगरसेवक निवडले आणि महापौर त्या नगरसेवकांनी ठरवला. भाजपचं सरकार आल्यावर 2025मध्ये रायपूरसह दहा महापालिकांत पुन्हा थेट निवडणूक झाली. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवं नाही. आपल्याकडे नगराध्यक्ष 2016 साली थेट झाला, 2020 साली नगरसेवकांकडे गेला, 2022 साली पुन्हा थेट झाला. दोन्ही पद्धतींच्या बाजूने बोलता येतं. मला सलते ती वेगळी गोष्ट: प्रत्येक सरकार स्वतःला सोयीची पद्धत निवडतं आणि ज्याने मत द्यायचं त्याला कोणी विचारत नाही.

माझी मागणी साधी आहे. विधानसभा निवडणुकीनंतर पक्षाने खर्चाचं विवरण द्यायला 75 दिवसांची मुदत आहे. तोवर मंत्रिमंडळ बसलेलं असतं. उमेदवारावरचे गुन्हे आणि त्याची मालमत्ता मतदानाआधी कळलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002मध्ये बजावलं आणि आज ही माहिती देणारं उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र कोणालाही वाचता येतं. पक्षाची देणगी आणि खर्चही तसाच, मतदानाआधी आणि मतदारसंघवार जाहीर व्हावा. उरल्याच्या कोणत्या कारखान्याने कोणाला किती दिले, हे बीरगांवच्या माणसाला बटण दाबण्यापूर्वी कळू द्या.

कायदा बदलेपर्यंत हातात आहे ते तरी वापरू या. पुढच्या विधानसभा निवडणुकीत, मग ती रायपूरची असो की आपल्या गावची, जिल्हा निवडणूक कार्यालयात जाऊन उमेदवाराच्या त्या पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या पानांची प्रत मागा. ती कोणालाही मिळते. एका पानाला एक रुपया पडतो.